वंदना खोलीत असली की...

मी इस्लामपूरचा, फिजिक्सचा मास्तर. कुणाच्या अंगात आलंय म्हटलं की 'आधी त्याचं बीपी बघा' म्हणणारा. तरी हे लिहितोय... हसायचं तर खुशाल हसा.

नव्वदच्या दशकाचा मध्य. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी आणि वंदना एकाच सरांकडे एम.फिल. करत होतो. विषय फेराइट — लोखंडाच्या ऑक्साइडपासून होणारी चुंबकीय भुकटी. त्यात निकेल घालायचं, वर चिमूटभर कॉपर, आणि कण होतील तितके बारीक करायचे. 'नॅनो' हा शब्द तेव्हा नवाकोरा होता, त्यामुळे आम्ही तो उगाचच वापरायचो! भुकटी दाबून गोळी करायची, भट्टीत भाजायची, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावून मीटरला जोडायची. फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की गोळीचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट — वीज साठवायची ताकद म्हणा — उतरत जातो. सगळ्यांचा उतरतो.

वंदनाचा चढायचा.

वंदना पाटणकडची, रिटायर्ड सुभेदाराची मुलगी, कामात माझ्याहून कितीतरी नेटकी. जूनच्या आत प्रबंध दिला नाही तर तिची तात्पुरती लेक्चररची नोकरी जाणार होती. तिच्या भुकटीचा एक्स-रे रिपोर्ट स्वच्छ, कणांची रचना हवी तशी. आम्ही वायरी बदलल्या, अर्थिंग तपासलं, गोळी पुन्हा तापवून ओलावा घालवला. एकदा ती चहाला गेली असताना तीच गोळी मी लावली — आलेख मुकाट्याने उतरला. ती दारात आली... आकडे चढायला लागले. सरांनी गोळीवर धातूचा डबा झाकला, तिला व्हरांड्यात उभं केलं. तरी चढले. लायब्ररीत पाठवलं, उतरले. माझ्या गोळ्यांना मात्र ती शेजारी बसली तरी ढिम्म फरक नाही. भर दुपारी, पंखा चालू असताना माझ्या अंगावर काटा आला.

सरांसह आम्ही तिघं एसटीने सांगलीला गेलो, तिथल्या कॉलेजात दुसऱ्या मीटरवर लावून पाहिलं. तेच.

सर घाम पुसत म्हणाले, "वंदना, हा गुणधर्म मी कुणाचा लिहू? फेराइटचा की तुझा?"

परतताना मी तिला म्हटलं, "तू लायब्ररीत थांब. मी रीडिंग घेतो, तू लिही. कुणाला कळणार?"

"मला कळंल की रं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी असताना दिसतं ते खोटं, आन् मी नसताना दिसतं ते माझं... असं कसं?"

मला तिचा रागही आला आणि रडूही. असल्या आकड्यांच्या प्रबंधावर सरांना सही करता येईना, त्यांचंही काही चुकत नव्हतं. जून उलटला.

तिची ट्रंक न्यायला सुभेदारकाका होस्टेलवर आले. वंदना आत सामान आवरत होती. काकांनी मला बाजूला घेतलं.

"सरास्नी इचारायला धीर हुईना. तुमी सांगा, पोरीचं कुटं चुकलं?"

"कुठंच नाही, काका."

"गोळी खराब व्हती?"

"नाही."

"मग मशीन?"

"तेही नाही."

"मग आमची पोरगी घरला का चाललीया?"

मी ट्रंकेची दुसरी कडी धरली. आम्ही स्टँडकडे निघालो. एवढी वर्षं फिजिक्स शिकवतोय... काकांना सांगता येईल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.