या ग्रुपमध्ये बाहेरचं कोण आहे?

“या ग्रुपमध्ये बाहेरचं कोण आहे?”

कीबोर्डवरून दोन्ही हात उचलून बाई हे विचारायच्या. विचारायच्या म्हणजे स्वतःलाच. मग चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीनला नाक लागेल इतक्या पुढे वाकून ग्रुपमधली नावं एकेक करून वाचायच्या आणि मगच मेसेज पाठवायच्या. मेसेज काय, तर ‘नायगावचे नमुने निघाले.’

वसईत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. तुळिंजला आणि नायगावला नमुने घ्यायची केंद्रं. बाई रिपोर्ट विभाग सांभाळायच्या. राहायला भुईगावला. घरून फोन आला की गावच्या बोलीत बोलायच्या आणि शेजारच्या टेबलावर बसून मला त्यातलं अर्धंही कळायचं नाही. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यामुळे प्रत्येक कामाला थोडा जास्त वेळ लागतो. आमच्याकडे त्या होत्या.

लॅबच्या चॅटवर तेव्हा एकच मोठा ग्रुप होता. कामं भराभर व्हावीत म्हणून सरांनी, म्हणजे लॅबच्या मालक डॉक्टरांनी, त्यात सगळ्यांना घेतलं होतं. आम्ही होतोच, शिवाय कुरियरवाला, दवाखान्यांच्या रिसेप्शनिस्ट आणि मशीन दुरुस्तीच्या कंपनीचा इंजिनियर.

“सर, बाहेरच्यांचा ग्रुप वेगळा करू या,” बाई अधूनमधून म्हणायच्या.

“तुम्ही फार घाबरता बाई.”

“घाबरत नाही. गावात राहते.”

सर हसायचे आणि विषय तिथेच राहायचा.

एका दुपारी मशीनने एका नमुन्यात क्षयरोग दाखवला. तोच नमुना पुन्हा लावला, तर काहीच दाखवलं नाही. मशीन बिघडलंय का हे इंजिनियरला विचारायला टेक्निशियनने स्क्रीनचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. फोटोत पेशंटचं पूर्ण नाव होतं. बाईंचं लक्ष गेलं तसं त्यांनी उठून जाऊन तो त्याला काढायला लावला. पण तोवर बऱ्याच जणांनी पाहिला होता.

“काढला ना? मग झालं,” सर म्हणाले.

“वाचलेलं कसं काढणार, सर?”

बाईंनी इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, “बाई, त्या पेशंट आमच्या मुलीच्या बालवाडीच्या टीचर आहेत. मी बायकोला फोटो पाठवला. तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. घरात लहान मुलगी आहे हो माझ्या.”

बाई रागावल्या नाहीत. “काळजी वाटणारच. पण तो रिपोर्ट नव्हता. मशीन बरोबर चाललंय का, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं. फोटो जिथे जिथे गेलाय तिथून काढायला लावा.”

मग टीचरकडे जायला त्यांनी पर्स उचलली. सर म्हणाले, “जाऊ नका. उद्या त्यांनी तक्रार केली तर?”

“तो त्यांचा हक्क आहे,” बाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, “तू चल बरोबर.”

नायगावला एका नव्या टॉवरमध्ये तळमजल्यावर टीचर राहायच्या आणि घराच्या हॉलमध्येच बालवाडी चालवायच्या. भिंतीवर मुलांच्या हातांचे रंगीत ठसे होते. त्यांनी बसायला सांगितलं, पण बाई उभ्याच राहिल्या.

“तुमच्या तपासणीचा फोटो आमच्या चॅटवरून बाहेर गेला. तपासणी अजून पुरी झालेली नाही. चूक आमची आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी सांगावं म्हणून आले.”

“आधी?” टीचरनी फोन आमच्यापुढे धरला. उद्यापासून मुलाला पाठवत नाही, असे पालकांचे मेसेज एकाखाली एक आले होते. “मला खोकला आहे हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.”

परवानगी विचारून बाईंनी नवा नमुना घ्यायची व्यवस्था केली. तो दुसऱ्या लॅबमध्ये तपासून आणला. रिपोर्ट साफ होता. हॉल मात्र जवळजवळ रिकामा झाला होता.

मी बाईंना म्हटलं, “त्या सोसायटीत एकदा सांगून टाकू या ना, रिपोर्ट चांगला आहे म्हणून.”

“तो रिपोर्टही त्यांचाच आहे,” बाई म्हणाल्या. “विचारलं मी त्यांना. म्हणाल्या, माझ्या खोकल्याचा दाखला मी दारोदार दाखवत फिरू का?”

त्यानंतर सरांनी ग्रुप वेगळे करू दिले. बाहेरच्यांच्या ग्रुपवर पेशंटचं नाव घालायचं नाही, फक्त नमुन्याचा नंबर. स्क्रीनचा फोटो तर अजिबात नाही. कोणी नोकरी सोडली की बाई त्याच दिवशी त्याला ग्रुपमधून काढायच्या. सुरुवातीला आम्ही कुरकुरलो, नंतर सवय झाली.

बाईंना निवृत्त होऊन आता वर्ष होत आलं. त्यांचा विषय निघाला की लॅबमधले लोक त्यांच्या वेळ लावण्याच्या गमती सांगतात. मला आठवतो तो एक शनिवार.

त्या घटनेला काही महिने झाले होते. शनिवारी बाईंची सुट्टी असायची आणि मी नायगावच्या केंद्रावर बदलीला गेले होते. दुपारी त्या टॉवरसमोरून जाताना बाई बालवाडीच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या.

“तुम्ही इथे कशा?”

“नातीला न्यायला.” त्यांची मुलगी तिथून जवळच राहायची, हे मला माहीत होतं.

“मुलीला सांगितलंत का, टीचरबद्दल काय काय झालं ते?”

“काय सांगायचं? बालवाडी चांगली आहे, म्हटलं.”

तेवढ्यात दार उघडलं. चार-पाच मुलं बाहेर आली. टीचर उंबऱ्यात वाकून एका मुलीच्या सँडलचा पट्टा लावत होत्या.

“आज हिने डबा संपवला,” त्या बाईंना म्हणाल्या.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. मग नातीचं बोट धरून त्या रिक्षा स्टँडकडे चालू लागल्या.