कावळा कुणाच्या शब्दावर आला

तुम्ही दोघांनी मागच्या आठवड्यात तिकडच्या थिएटरात जो मराठी सिनेमा पाहिला, त्याच्या दिग्दर्शकाला मी खरंच ओळखते का, असं धाकटीनं फोनवर विचारलं. थोरल्यानं विचारलं ते वेगळंच. त्याच्या ओळखीची मराठी मुलं या माणसाचे जुने, गलिच्छ, हसून हसून पोट दुखवणारे सिनेमे इंटरनेटवर शोधून बघतात. मग आता हा असले रुमाल भिजवणारे, सगळ्या घरानं मिळून बघायचे सिनेमे का काढतो? तुमच्या आईला यातलं अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं मला एकटीला माहीत होतं, म्हणून लिहून काढते आहे.

तो मूळचा चांदवडचा. लग्नांचं शूटिंग करायचा. तुमच्या आईच्या लग्नात तोच कॅमेरा घेऊन फिरत होता. जेवणानंतर तुमचे आजोबा हॉलच्या मागच्या बाकावर आडवे झाले आणि त्यांना डोळा लागला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस. मिळेल तिथे, मिळेल तेवढं झोपायची सवय. तोंड उघडं, हात छातीवर, पाय जुळलेले. माझ्या नणंदेनं त्यांना पाहिलं आणि किंकाळीच फोडली. आजोबा उठून बसले आणि म्हणाले, "काय झालं? जिलबी संपली का?"

हे सगळं त्याच्या कॅमेऱ्यात आलं. कॅसेट द्यायला तो घरी आला तेव्हा माझ्यादेखत त्यांना म्हणाला, "काका, तुम्ही मेल्यावानी लय भारी झोपता. माझ्या पिच्चरमध्ये मराल का?"

मला वाटलं, आजोबा त्याला बाहेर काढतील. ते म्हणाले, "मरून परत उठायचं असेल तर येतो."

चातुर्मासात लग्नं नसतात, कॅमेरा रिकामा असतो. त्याचे सगळे सिनेमे त्या चार महिन्यांत व्हायचे, म्हणून प्रत्येकात चिखल आहे आणि आभाळ भरलेलं आहे. कलाकार म्हणजे त्याचे मित्र, बँडवाले, एक आचारी. आणि प्रेत म्हणजे आमच्या घरातले गृहस्थ. आठ वर्षांत ते सहा वेळा मेले. रोज पहाटे प्राणायाम करत असल्यामुळे त्यांना मिनिटभर श्वास रोखता यायचा आणि नाकावर माशी बसली तरी पापणी हलत नसे. पहिल्यांदा तिरडीवर झोपले तेव्हा बँडवाल्यांनी समजूत घातली म्हणे, "काका, याच्यानं आयुष्य वाढतं." ते घरी येऊन मला हे मोठ्या खुशीत सांगायचे, चिखलाचे पाय घेऊन, मोरीत उभे राहून.

मी तेव्हा नाशिकरोडला शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या तिसऱ्या सिनेमाची सीडी गावोगाव फिरली. त्यात मेलेल्या माणसाचा दहावा चालला आहे. घाटावर पिंड ठेवलेत आणि कावळा शिवत नाही. नातेवाईक एकेक कबुली देत सुटतात. कुणी लफडं सांगतं, कुणी चोरी. तेवढ्यात मेलेला माणूसच रेनकोटचे काळे पंख लावून मागून येतो, पिंड खातो, भलीमोठी ढेकर देतो आणि म्हणतो, "मीठ कमी आहे." आणखीही बरंच काही करतो, ते मी लिहीत नाही. नाशिकसारख्या गावात, जिथे रामकुंडावर रोज कुणाचा ना कुणाचा दहावा असतो, तिथे हे! एका संस्थेनं निषेधाचं पत्रक काढलं. मुलांनी मात्र संवाद पाठ केले. वर्गात मी फळ्याकडे वळले की मागून ढेकर यायची. डब्याच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हमखास विचारायचं, "मॅडम, भाजीत मीठ बरोबर आहे ना?"

मी त्यांचा एकही सिनेमा पाहिला नाही. हे जे लिहिलं तेसुद्धा ऐकीव. ते दर वेळी सीडी आणून टीव्हीवर ठेवायचे. "अगं, एकदा तरी बघ. मी बरा करतो काम." मी ती उचलून कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवायची. त्यांनी चिडून कधी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी मात्र सीडी लागलेली असायची, आणि भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायचा. त्यात त्यांचाही आवाज असायचा.

मग ते खरंच गेले. छातीत दुखलं, चार दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "या वेळी बघशील?" मी म्हणाले, "आधी घरी चला, मग बघू."

धाकटीच्या वेळी तुमच्या आईला आठवा महिना होता, ती येऊ शकली नाही. दहाव्याला मी रामकुंडावर गेले. बायकांनी जाऊ नये म्हणणारे होते, मी ऐकलं नाही. पुतण्यानं विधी केला, पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. पलीकडच्या छपरावर कावळे ओळीनं बसले होते, पण एकही खाली येईना. शेजारच्या कुटुंबाचं होऊन ते लोक निघूनही गेले. माझे दीर म्हणाले, "दादा, वहिनींना आम्ही अंतर देणार नाही." काही नाही. पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या परीक्षेची काळजी नका करू." काही नाही. नणंद रडायला लागली. ऊन चढत होतं. गुरुजी हातातला दर्भ चाळवत होते. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात.

आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मीठ कमी असेल."

कोण ते मला अजून कळलेलं नाही. पण दोघं-तिघं हसली. दाबलेलं, नाकातून आलेलं हसू. मी वळून पाहिलं तर तो चांदवडचा तिथे उभा होता, बँडवाल्यांच्या मध्ये, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो पुढे आला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, मी असला पिच्चर परत काढणार नाय. कधीच नाय. तुमची शपथ."

कावळा आला. सरळ खाली आला, पिंडावर बसला, चोच घातली.

सगळ्यांनी श्वास सोडला. गुरुजी म्हणाले, "बघा, हीच इच्छा राहिली होती."

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते. तो पुढे येऊन हात जोडत होता तेव्हाच, त्याच क्षणी, मी मनात म्हणाले होते, "बघते मी तुमचा सिनेमा. पूर्ण बघते. आता जा." मी इंग्रजी शिकलेली बाई. कावळ्यांना भूक लागते, माणसं मागे सरली की ते खाली येतात, हे मला कळतं. पण त्या घाटावर उभं राहून ते कळत नाही. मला लख्ख दिसलं की कावळा माझ्या शब्दावर आला. तुमच्या आजोबांनी हे सिनेमे बंद व्हावेत असं आयुष्यात एकदाही म्हटलं नव्हतं. ते तर मी म्हणत होते.

मी गप्प राहिले. त्या दिवशी बोलणं शक्यच नव्हतं. पुढे महिन्याभरानं त्याची आई पेढे घेऊन आली. "बाई, तुमच्या मालकानं जाता जाता माझ्या पोराला मार्गाला लावलं. मुंबईला गेला. आता चांगले पिच्चर करंल." तिनं माझे पाय धरले. तिला मी काय सांगणार होते? आणि खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं होतं.

तो मोठा झाला, ते तुम्ही पाहतच आहात. आई, मुलगा, घर, देव्हारा, शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवायला बसणं. प्रत्येक मुलाखतीत तो कावळ्याची गोष्ट सांगतो. त्याचे जुने चाहते त्याला विकला गेला म्हणतात, वर्तमानपत्रं त्याला परिपक्व म्हणतात. अशी मुलाखत छापून आली की मी पान उलटायची. माझा स्वतःचा शब्द तर मी पाळलाच नव्हता. सीडी स्वेटरांखालीच होत्या. आधी सीडी लावायचं यंत्र बिघडलेलं होतं, मग डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे आले. बारा वर्षं मला कारणांची वाण पडली नाही.

तुम्ही पाहिलेला सिनेमा इथे महिना-दीड महिना आधीच लागला, त्यानंतरच्या रविवारी, दुपारी, तो घरी आला. केस पिकलेत. खुर्चीवर बसला नाही, खाली सतरंजीवर बसला.

"काकू, एक परवानगी पाहिजे."

"माझी कसली परवानगी?"

"एक पिच्चर करायचाय. जुन्यासारखा. घाण." तो हसला. "लय दिवस डोक्यात हाय. पण काकांना शब्द दिलाय. त्यांनी बांधलंय, तर त्यांनीच सोडवायला पाहिजे. ते नाहीत, म्हणून तुमच्याकडं आलो."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"काका स्वप्नात येतात," तो म्हणाला. "तिरडीवर. मी 'ॲक्शन' म्हणतो. ते उठत नाहीत. परत म्हणतो. सगळं युनिट माझ्याकडं बघत राहतं."

माझ्या स्वप्नातही ते तसेच यायचे. तिरडीवर नाही, लग्नाच्या हॉलमधल्या त्या बाकावर. मी हाक मारायची आणि ते उठायचे नाहीत. हे मी त्याला सांगितलं नाही. मी नुसतं "कर" म्हटलं असतं तरी तो आनंदानं गेला असता. पण ज्या परवानगीची गरजच नव्हती ती देणं म्हणजे आणखी एकदा खोटं बोलणं, असं मला वाटलं. मी सगळं सांगितलं. घाट, माझा मनातला शब्द, त्यांचं दवाखान्यातलं बोलणं.

तो बराच वेळ सतरंजीच्या दशा ओढत राहिला.

"म्हणजे मला काकांनी अडवलंच नव्हतं?"

"नाही रे. त्यांना ते सिनेमे फार आवडायचे."

"मग बारा वर्षं मी काय करत होतो?"

"तू चांगलं काम केलंस. लोक..."

"काकू, थांबा." त्यानं हात वर केला. "मुंबईचा फोन काकांच्या दहाव्याच्या आधीच आला होता. निर्माता म्हणला, ते घाणेरडं सोडलं तर ये. मी हो म्हणून बसलो होतो. घाटावर आलो तेव्हा हो म्हणूनच आलो होतो. मग कावळा आला, आणि मला वाटलं, चला, काकांनीपण हो म्हटलं." तो उठला. "काकांचा तो होकार, तेवढंच एक माझ्याकडं होतं. तुम्ही नुसतं 'कर' म्हणायचं होतं."

मी चहा ठेवते म्हणाले. त्यानं वाकून नमस्कार केला, चप्पल घातली आणि गेला. जिन्यात तो थोडा वेळ थांबलेला मला ऐकू आला. मग पावलं खाली गेली.

तीन आठवड्यांनी पेपरात त्याच्या नव्या सिनेमाच्या मुहूर्ताचा फोटो आला. मोठं कुटुंब, सगळे देव्हाऱ्यापुढे हात जोडून. जुन्यासारखा सिनेमा तो आता करणार नाही असं मला वाटतं. माझ्या सांगण्यानं त्याची वाट मोकळी झाली नाही, उलट पाठ टेकायची भिंतही गेली. मी आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. कधी बोलायचं ते शिकवलं नाही.

त्या दुपारी तो गेल्यावर मी शेजारच्यांचा लॅपटॉप मागून आणला आणि तिसरा सिनेमा लावला. दीड तासाचा आहे. आवाज खरखरतो, पाऊस दिसतो. काही ठिकाणी मी मान वळवली, पण बंद केला नाही. ते खरंच बरं काम करतात. मेलेले असतानासुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर, आता गंमत येणार, असं काहीतरी असतं, आणि ते दिसू नये म्हणून ते किती कष्ट घेताहेत तेही मला कळत होतं. परक्या माणसाला कळणार नाही. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "मावशी, हसताय का रडताय?" मी म्हणाले, "मीठ बघतेय."

सिनेमा संपेपर्यंत मी उठले नाही.

त्यानंतर ते माझ्या स्वप्नात आलेले नाहीत. त्याच्या येतात का, हे विचारायला मी दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.