मंदारच्या गाडीच्या टपावरचं कुंकू

अमेरिकेत हर्नडनला आम्ही चार-पाच मराठी घरं जमलो की चहा निवायच्या आत मंदारच्या गाडीचा विषय निघतोच. आणि दर वेळी कुणाला तरी एखादा नवा किस्सा आठवतो!

त्या गाडीत रेडिओ बसवायचं मूळ कारण मात्र गंभीर होतं. मंदारचा क्लायंट पाच तासांवर. दर सोमवारी पहाटे तो एकटाच ड्राइव्ह करत जायचा. एकदा स्टिअरिंगवर डुलकी लागली, गाडी कडेच्या खडबडीत पट्ट्यावर गेली, त्या खडखडाटाने जाग आली म्हणून वाचला. पुण्याहून आलेल्या त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या काकूंचा, थरकाप उडाला.

"वाटभर त्याच्याशी कुणीतरी बोलायला हवं रे!"

म्हणून सॅटेलाइट रेडिओ. मध्येच स्टेशन जायची भानगड नाही!

*

मी नागपूरचा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर, त्यामुळे इन्स्टॉलेशन माझ्याकडे! बाहेर थंडी, म्हणून तळघरातल्या पार्किंगमध्येच अँटेना टपावर चिकटवला. तासभर स्क्रीनवर एकच: नो सिग्नल. मी सेटला शिव्या घालतोय, तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. वर स्लॅबकडे बघून म्हणाल्या, "उपग्रहाला आपण इथे दिसतो का रे?"

गाडी मुकाट्याने उन्हात काढली.

*

मग वायर. ती दाराच्या रबराखालून डॅशबोर्डपर्यंत न्यायची. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन रबर फाडायच्याच बेतात! काकूंनी वायरच्या टोकाला चिकटपट्टीने सेफ्टी पिन लावली.

"जन्मभर परकराच्या नाड्या ओवल्या. सरक बाजूला!"

*

रेडिओ बोलायला लागला तशी काकूंनी ओल्या बोटाने अँटेनावर कुंकू टेकवलं. मंदार वैतागला. "आई, काहीतरीच काय! सिग्नल अडेल!"

"देवाला अडत नाही, उपग्रहाला काय अडतंय?"

परत जाताना काकू कुंकवाचा करंडा सुनेच्या, स्मिताच्या हातात देऊन गेल्या. कार वॉशमध्ये कुंकू जायचं, सोमवारी स्मिता पुन्हा लावायची, मंदार पुन्हा कुरकुरायचा. पण रेडिओ वाटभर बडबडायचा आणि "पोचलो" असा फोन यायचा. खरं सांगतो, त्या बडबडीचे आमच्यावर फार उपकार आहेत.

*

शेवटी मंदारला हर्नडनमध्येच काम मिळालं आणि गाडी विकायला काढली. घ्यायला एक अमेरिकन नर्स आली. मीही तिथेच होतो. गाडी पसंत, रेडिओ पसंत. मग टपाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हा लाल डाग कसला?"

मंदार ओशाळला. रुमाल काढून पुसायला लागला. पुसता पुसता सहज विचारलं, "कामाला लांब जावं लागतं का?"

"दोन तास. नाइट शिफ्ट करून एकटीच परत येते."

मंदारचा हात थांबला. रुमाल खिशात घातला, "वन मिनिट" म्हणून घरात गेला, आणि करंडा घेऊन बाहेर आला.