अंगठ्याचं मशीन

लातूरला एका क्लासचं नेटवर्क मी सांभाळत होतो. दारात अंगठ्याचं जुनाट मशीन होतं. पोरांनी अंगठा ठेवला की ते ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि गावाकडे आईबापांना मेसेज जायचा, ‘आपला पाल्य पोहोचला.’ पोरांना मोबाईलची बंदी, त्यामुळे गावाला तेवढीच खबर.

इंटरनेट कंपनीने कॉम्प्युटरांना नव्या पद्धतीचे पत्ते दिले, आयपीव्ही सिक्स. शहाणा माणूस नवं चालू केलं तरी जुनं बरेच दिवस शेजारी चालू ठेवतो. मला हे पाठ होतं, पण साफसफाईची भारी हौस! रविवारी सगळे कॉम्प्युटर नव्यावर झकास चालले. मशीनवर मी स्वतःचा अंगठा ठेवला, ते ‘धन्यवाद’ म्हणालं. मी जुने पत्ते बंद करून टाकले. माझ्या अंगठ्याचा मेसेज कुणालाच जात नाही, हे डोक्यात आलं नाही.

सोमवारी सकाळपासून ऑफिसचा फोन खणखणत होता. "पोरगं आलं का?" दोष मेसेजवाल्यांचा, असं मी छातीठोकपणे सांगत होतो.

अकराच्या सुमारास निलंग्याकडच्या एक बाई एसटीने येऊन थडकल्या. फोन लागतच नव्हता म्हणून निघाल्या होत्या. त्यांच्या मुलीला वर्गातून बोलावलं. पोर समोर उभी, तरी बाई मोबाईलकडेच बघत होत्या.

"भूकंपात माझी धाकटी बहीण ढिगाऱ्याखालून ओ देत व्हती, सर. मग ओ थांबली. मी लई येळ हाका मारीत राहिले. तवापासून खबर थांबली की मला काई सुचत न्हाई."

त्यांनी लेकीचा हात धरला आणि तिचा अंगठा मशीनवर टेकवला. ‘धन्यवाद.’ मोबाईल गप्पच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘धन्यवाद’ मशीन आपलं आपणच म्हणत होतं, नवे पत्ते त्याला कळतच नव्हते. मी धावत आत गेलो. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. जुने पत्ते चालू केले आणि सकाळपासून अडकलेले मेसेज एकदम सुटले.

बाहेर आलो तर बाईंनी मोबाईल लेकीच्याच हातात दिला होता. "वाच."

तिने वाचलं, "आपला पाल्य पोहोचला."

बाई पायरीवर बसून रडायला लागल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "लई उपकार झाले, सर. मशीन लई जुनं दिसतंय."

मी ‘हो’ म्हणालो. मशीनचा काही दोष नव्हता, हे सांगायचं मला धाडस झालं नाही.