यजमानांच्या वतीनं मामा

जगात अशी एकही व्यक्ती नाही जिचं जाहीर स्वागत करता येणार नाही, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत आहे. आणि छत्रपती संभाजीनगर ते पिशोर या पट्ट्यात तरी त्यांनी ते जवळपास सिद्ध करून दाखवलं आहे. आमच्याकडच्या लग्नाला नवरा-नवरीइतकाच माईक आवश्यक असतो. पुढं सोफे, सोफ्यांमागं कापड घातलेल्या खुर्च्या, त्यांच्यामागं उघड्या खुर्च्या आणि सगळ्यांत मागं उभी माणसं, अशी समाजरचना एकदा मांडून झाली की कुणाचं नाव कधी आणि किती विशेषणांसह पुकारायचं, हे माईकवाला ठरवतो. नात्यागोत्यातल्या प्रत्येक लग्नात हे काम मामा हौसेनं आणि फुकट करतात. अडचण एकच. जो आधी आला त्याचं स्वागत आधी, आणि विशेषणं सगळ्यांना सारखीच भरपूर, असा त्यांचा नियम आहे. यामागं काही थोर विचार असेल म्हणून मी एकदा समतेवर चार वाक्यं बोलून पाहिली, तर म्हणाले, "तसलं काय नाय, जावईबापू. माणूस दिसला की नाव तोंडात येतं. आलेलं नाव गिळलं की मला ॲसिडिटी होती."

त्यामुळं मामांच्या तोंडून जनरेटरवाल्याला 'प्रकाशमहर्षी', मंडपवाल्याला 'छत्रदाते' आणि दाराशी चपला राखणाऱ्या म्हाताऱ्याला 'तमाम वऱ्हाडाचे पादत्राणरक्षक' अशा पदव्या मिळालेल्या आहेत. पुढाऱ्यांसाठी राखून ठेवायचं 'कार्यसम्राट' हे विशेषण ते सकाळीच पुऱ्या तळणाऱ्या आचाऱ्याला देऊन मोकळे होतात. मग पुढारी येतो तेव्हा त्याच्या वाट्याला 'सुस्वभावी' उरतं, आणि ते आपल्याला उद्देशून आहे हे त्याला लवकर कळतच नाही. पिशोरच्या एका लग्नात जिल्हा परिषदेचे एक माजी सदस्य कडक इस्त्रीत, हात जोडून, मांडवाच्या तोंडाशी आपल्या नावाची वाट पाहत उभे होते आणि मामा पाण्याचे जार आणणाऱ्याची कारकीर्द सांगत होते. सदस्य शेवटी स्टेजपाशी येऊन कुजबुजले, "माझ्या आधी पाणीवाला?" मामांना कुजबुजता येत नाही. माईक तोंडाशीच ठेवून ते म्हणाले, "तुमच्या आधी आलेत ना ते, साहेब. आन् तुम्ही गाडीतून उतरल्या उतरल्या पहिलं काय मागितलं? पाणीच का नाय?" साहेब जेवायला थांबले नाहीत. पाणीवाला मात्र त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक लग्नाला जॅकेट घालून येतो आणि मागितले नसले तरी दोन जार जास्तीचे उतरवतो.

माईक नसला म्हणून मामांचं काही अडत नाही. छावणी भागातल्या त्यांच्या घराची पायरी चढताना आतून गर्जना येते, "आगमन झालेलं आहे आमच्या भाचीच्या यजमानांचं!" आणि शेजारचे लोक खिडकीत येऊन मला पाहून घेतात. दूधवाला, पेपरवाला, मीटर वाचायला येणारा, कुणीच सुटत नाही. गॅस सिलिंडरवाल्याचं स्वागत 'ज्यांच्या वाटेकडं डोळे लावून अवघं कुटुंब बसलं होतं' असं होतं, आणि ते शब्दशः खरं असतं. भाजीवाली तर स्वागत झाल्याशिवाय टोपली खाली ठेवत नाही. "बोला की दादा लवकर, मान अवघडली," म्हणून उभी राहते. मामी आतून ओरडतात, "आवो, आधी मेथी घ्या, मग पदवी द्या!" फक्त शोकसभेत नातेवाईक माईक त्यांच्यापासून लांब ठेवतात. एकदा सवयीनं त्यांनी 'आपण सारे मोठ्या संख्येनं उपस्थित राहिलात, असाच योग पुन्हा पुन्हा येवो' असा समारोप केला होता.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, मुलीनंच पसंत केलेला. व्याही बिडकीनकडचे, वडिलोपार्जित जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि मोबदल्यासोबत दारात मोठी गाडी आणि गळ्यात जाड साखळी आली. माणूस वाईट नव्हता, पण मोठेपणा नवा होता, त्यामुळं जपून वापरायची सवय नव्हती. बैठकीत ते म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. एकच विनंती. आमच्या लग्नाला मोठे साहेब यायलेत. तुम्ही माईकला हात लावायचा नाय." मामांचा चेहरा असा पडला की मुलीनंच पुढं होऊन "बाबा नाही लावणार हात," असं सांगून टाकलं. घरी येऊन मामा मला म्हणाले, "त्यापेक्षा हुंडा मागायचा होता ना, जावईबापू. पोलिसात तरी जाता आलं असतं."

बायपासवरच्या लॉनवर लग्न लागायचं होतं. व्याह्यांनी शहरातून भाड्याचा निवेदक आणला होता. त्याच्याकडं मानानुसार लावलेली यादी होती आणि आवाजाला साखर लावलेली होती. मुहूर्ताची वेळ झाली, यादी संपली, साहेब आले नाहीत. "निघालेत, दहा मिनिटांत पोचतील," असा फोन आला. निवेदकानं यादी पुन्हा पहिल्यापासून घेतली. सोफ्यावरचे मान्यवर पुन्हा उठले, हात जोडले, बसले. तिसऱ्या फेरीला त्यांनी बसूनच हात जोडले. मागची माणसं जेवणाच्या वासाकडं सरकू लागली. अंतरपाट धरणारे हात बदलून थकले. मुहूर्त निसटत होता आणि व्याही साहेबांशिवाय अक्षता पडू द्यायला तयार नव्हते. नवरीच्या कपाळावरचा घाम गालापर्यंत आला. ती एकदा घड्याळाकडं आणि एकदा बापाकडं पाहत होती. मामा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं असतं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. समोरून आइस्क्रीमवाला गेला, फोटोग्राफर गेला, आणि प्रत्येक वेळी मामांच्या गळ्याची घाटी वर जाऊन परत खाली आली.

निवेदक पाणी प्यायला वळला तेवढ्यात मामी उठल्या. अक्षतांचं ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं, पदर खोचला आणि माईक उचलला. आयुष्यात त्या कधी स्टेजवर बोलल्या नव्हत्या. व्याही धावले. "विहीणबाई, अहो, आपलं ठरलं होतं!"

"यांच्याशी ठरलं होतं, दादा," मामी म्हणाल्या, आणि ते सगळ्या लॉनला ऐकू गेलं. "माझ्याशी कुठं काय बोल्ले तुम्ही?"

सुरुवात त्यांनी नवऱ्या मुलाच्या आईपासून केली. तीन फेऱ्यांत त्या माउलीचं नाव एकदाही आलं नव्हतं. मग पंगतीला भाकरी थापणाऱ्या बाया, मग बँडवाले, मग उन्हात गाड्या लावून देणारी पोरं. पुढं त्या म्हणाल्या, "आन् स्वागत करते आमच्या व्याह्यांचं. साहेबांची वाट न बघता, पोरांचा मुहूर्त मोठा म्हणून लग्न लावा म्हणणारा एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी बिडकीन काय, अख्ख्या जिल्ह्यात पाहिला नाय!" भुकेल्या वऱ्हाडानं असा टाळ्यांचा कडकडाट केला की व्याह्यांचा हात आपोआप छातीवर गेला आणि मान लवली. आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. गुरुजींनी अंतरपाट वर केला.

"थांबा गुरुजी. एक राहिलं."

बायकांना वाटलं, आता मामी मामांचं नाव घेणार. "उखाणा! उखाणा!" असा गिल्ला झाला. त्या पिढीची बाई यमक जुळवल्याशिवाय नवऱ्याचं नाव उच्चारत नाही. घरात मामा म्हणजे 'आवो' किंवा 'हे'. मामींनी यमक जुळवलं नाही, पदवी लावली नाही. सरळ नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि म्हणाल्या, "नवरीचे वडील. सकाळपासून आलेले हायेत."

ते नाव मी इथं लिहीत नाही; ते मामींनीच घ्यावं. मामांनी ते ऐकलं आणि चटकन वळून मागं पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागं रिकाम्या खुर्च्या होत्या. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. ते उभे राहिले. हात जोडायचे असतात हे ते दुसऱ्यांना पाहून शिकले असावेत, पण तेही नीट जमेना. मंगलाष्टकं सुरू झाली तरी ते तसेच उभे होते. आपलं स्वागत झालं की पुढं काय करायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.