पाण्यापाशी थांबायचं

आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला कोणी शहाणपण शिकवायला येऊ नये. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भुतंखेतं, करणी, अंगात येणं असलं काही मी मानत नाही. माहेर कोल्हापूरचं, तिथं आमच्या गल्लीत अंगात आलेल्या बाईला "आता पुरे, चहा घे" म्हणून उठवणारी मी. आता सांगणार आहे त्यावर 'ऊन लागलं असेल, चक्कर आली असेल' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. सकाळी साडेसातला ऊन लागत नाही हो! पंजाबातसुद्धा नाही.

तर झालं असं.

ह्यांची बदलीची नोकरी. चार वर्षांपूर्वी चंदीगडला आलो, आणि घर मिळालं ते मोहालीच्या एयरोसिटीत. मी आणि माझी मुलगी सई — सोळा वर्षांची, यंदा बारावीला — दर रविवारी सायकलवर बाहेर पडतो. मुल्लांपूर ओलांडलं की मोठा रस्ता सोडायचा आणि शिवालिकच्या टेकड्यांकडे जाणारे शेतातले लिंक रोड धरायचे. दोन्ही बाजूंना आमराया, भाताची खाचरं, निलगिरीच्या रांगा. गाड्या जवळजवळ नाहीतच. पुढं सिसवां गावाच्या बाजूला एक नदी आडवी येते. नदी कसली, वर्षातले दहा महिने नुसती वाळू आणि गोटे. इथले लोक तिला चो म्हणतात. रस्ता पूल-बिल काही न करता सरळ पात्रात उतरतो आणि फरशीवरून पलीकडे जातो. पात्राच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यावर शिसमाचं एक झाड आहे. आमचं बसायचं, केळी खायचं ठिकाण तेच.

सई भन्नाट वेगानं जाते आणि मी हळू. म्हणून मी एक नियम केला होता — पुढच्या माणसानं पाण्यापाशी थांबायचं. कालवा, हातपंप, नदी, जे येईल तिथं. या नियमाचा मला फार अभिमान होता. हा नियम लक्षात ठेवा.

त्या रविवारी, जूनमध्ये, सव्वापाचला निघालो. आभाळ स्वच्छ. टेकड्यांवर मात्र रात्री विजा चमकताना गच्चीवरून दिसल्या होत्या. त्याचा मी काडीचा विचार केला नाही. का करणार? आमची पंचगंगा फुटाफुटानं चढते. पाणी गल्लीत येईपर्यंत लोक गाद्या माळ्यावर टाकून, चहा पिऊन, वर पाणी बघायला जाऊन येतात. डोक्यावर ढग नाही म्हणजे नदीला पाणी नाही, एवढी साधी गोष्ट! असं मला वाटत होतं.

एका हातपंपावर थांबलो तेव्हा मी विचारलं, "सई, शिरा काढू का डब्यातला?"

"कुछ भी दे दो यार, मम्मा."

झालं, माझं डोकं सटकलं. चार वर्षांचा राग होता तो. मी मराठीत विचारायचं आणि हिनं हिंदीत उत्तर द्यायचं. आजीचा फोन आला तरी "हाँ आजी, ठीक हूँ."

"यार कुणाला म्हणतीस गं? आई आहे मी तुझी! मराठीत बोलता येईल तेव्हाच बोल माझ्याशी."

"Fine. नहीं बोलूँगी." आणि टांग मारून निघालीसुद्धा.

मी मागून ओरडले, "पुढं जाऊन शिसमाखाली थांब! पात्रात!"

हे मी सांगितलं होतं. मी.

रागारागात गिअर बदलताना माझी चेन पडली. ती बसवून, हात काळे करून निघेपर्यंत चार मिनिटं गेली. नदी साधारण किलोमीटरभर राहिली असेल, तिथं वळणावर जांभळाचं झाड आहे. त्याच्याखाली रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी उभी. पांढरा सूट, पांढरी ओढणी, पायाशी स्टीलची बादली, हातात ग्लास. ग्लासात गुलाबी गोड दूध-पाणी, बर्फ घातलेलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला निळ्या कापडाची पट्टी बांधलेली.

पंजाबात राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी — याला छबील म्हणतात. जूनच्या उन्हात लोक गाड्या थांबवून येणाऱ्या-जाणाऱ्याला गार सरबत पाजतात. फुकट, आणि आग्रहानं. नाही म्हणायची सोयच नसते. पण छबील म्हणजे मांडव, स्पीकर, वीस-पंचवीस पोरं. एकटी म्हातारी मी कधी पाहिली नव्हती.

"पी लै पुत्त."

"नहीं जी, बेटी आगे गई है."

"ओह वी पींदी पई ए."

ती पण पितेय. मला वाटलं, सई जाताना हिच्याकडं पिऊन गेली असेल. मी पॅडलवर पाय ठेवला, तर बाईनं हँडल धरलं! तेही पट्टी बांधलेल्या हातानं. ओढलं तरी सुटेना. मी आधी विनवलं, मग आवाज चढवला. "माताजी, छोड़िए! मेरी बच्ची अकेली है!" बाई ढिम्म. ग्लास तेवढा पुढं.

मग माझ्यातली कोल्हापूरकरीण जागी झाली. मी तिचा ग्लासाचा हात असा झटकला की ग्लास रस्त्यावर, सगळं सरबत सांडलं. वर मराठीत म्हणाले, "काय बावळट बाई आहे ही! सोड की गं माझी सायकल, मूर्ख कुठली!" मराठीत अशासाठी, की तिला कळू नये.

ती रागावली नाही. तिनं ग्लास उचलला, पुन्हा भरला आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. हँडल सोडलंच नाही. मी रडायच्या बेतात आले होते, संतापानं.

आणि मग समोरून आवाज आला. खडीचा ट्रक रिकामा करतात ना, तसा. पण तो थांबेना.

बाईनं हात काढून घेतला. "हुण जा." आता जा.

मी गेले. कशी गेले ते विचारू नका. उताराच्या तोंडाशी ब्रेक मारला तर समोर रस्ताच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत तांबडंलाल पाणी, त्यात ओंडके, झुडपं, कुणाचा तरी पत्रा. मधलं शिसम अर्ध्यापर्यंत बुडालेलं आणि नुसतं हलत होतं. डोक्यावर निळंशार आभाळ.

मी "सई" म्हणून ओरडले असेन. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मम्मा!"

मागून. रस्त्यापासून वीसेक पावलांवर, कीकराच्या, म्हणजे बाभळीच्या, सावलीत एका दगडावर माझी लेक बसली होती. ओठावर गुलाबी मिशी.

मी तिला छातीशी धरलं, आणि लगेच — माणूस किती वेडा असतो बघा — तिच्यावरच ओरडले, "तुला पात्रात थांब म्हटलं होतं ना? इथं का बसलीस?"

"जा ही रही थी ना! एक दादी ने रोक लिया. छबील वाली. साइकिल ही नहीं छोड़ रही थी."

"कुठली दादी?"

"अभी तो यहीं थी." ती इकडंतिकडं बघायला लागली. "व्हाइट सूट में. उंगली पे नीली पट्टी थी."

आता बोला.

आम्हा दोघींच्या मोबाईलमध्ये सायकलिंगचं ॲप चालू होतं. सई थांबली सात एकतीसला, मी सात तेहतीसला. माझं चाक हललं सात त्रेचाळीसला, तोवर ती थांबलेलीच होती. मधे एक किलोमीटर. एक बाई, दोन ठिकाणी, एकाच वेळी, दोन सायकली धरून!

आम्ही जांभळाखाली परत गेलो. बाई नाही, बादली नाही. रस्त्यावर मी सांडलेलं गुलाबी ओलं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. गावात विचारलं, तर छबील मागच्याच आठवड्यात झालेली, आणि अशी कुणी बाई त्यांना माहीत नाही. तुम्ही वाट बघत असाल की आता कुणीतरी सांगेल, अमुक साली एक बाई या नदीत वाहून गेली होती. नाही! कुणी काही सांगितलं नाही. एका सरदारजींनी मात्र मला झापलं, "चो पे भरोसा करते हैं क्या, बहनजी? बारिश पहाड़ पे होती है, पानी यहाँ आता है." बरोबरच झापलं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भात कालवत निवाडा दिला, "दोन बायका असतील."

"दोघींच्या त्याच बोटाला निळी पट्टी? मला 'तीही पितेय' म्हणाली ती कशाच्या जोरावर?"

"अगं, बहिणी असतील. फोनवर बोलल्या असतील."

एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात माझं हँडल, आणि फोन काय कानाला चिकटवला होता? मी ताट ढकललं. मरता मरता वाचली माझी पोर, तीही मीच सांगितलेल्या जागेवरून, आणि या माणसाला बहिणी सुचतायत!

इतका वेळ सई आमचं भांडण ऐकत होती. ती हळूच बोलली. मराठीत. थांबत थांबत, एकेक शब्द शोधून.

"आई, त्या दादीनं मला दोन ग्लास दिले. मी म्हणलं, एकच बस. तर ती म्हणाली, हा तुझ्या आईचा आहे. ती रागात आहे, तिनं सांडून टाकला. म्हणून तुझावाला पण मीच पिऊन टाकला."

ह्यांचा हात भातातच थांबला. 'दोन बायका' हे शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलेले नाहीत.

पाण्यापाशी थांबायचा नियम मी मोडीत काढला. आता आम्ही बरोबर जातो, तिला माझ्यासाठी हळू चालवावी लागते आणि ती हिंदीत कुरकुरते. कुरकुरू दे. जून असो नसो, त्या वळणावर मी दर वेळी उतरते आणि पाच मिनिटं उभी राहते. कोणी येत नाही. फिजिक्समध्ये याचं उत्तर मला सापडलेलं नाही, तुमच्याकडं असलं तर सांगा, फक्त बहिणी नकोत.

मी त्या बाईंना मूर्ख म्हणाले, तेही मराठीत, त्यांना कळणार नाही म्हणून. कळलं असणार.