पुढच्या वर्षीचा बाजार सांगणारे साहेब

मंडळी, आज सकाळी बाबांना घेऊन बेंगळुरूत मारतहळ्ळीच्या एका हॉटेलात व्याख्यानाला गेले होते. विषय होता, पुढच्या वर्षी शेअर बाजार कुठे जाणार. बाबा नुकतेच सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत आणि मिळालेला फंड कुठे गुंतवायचा यावर घरी रोज वाद चालतो.

सुटातले तज्ज्ञ तासभर बोलले. सार काय, तर बाजार चढला तर संधी आणि पडला तर त्याहून मोठी संधी! एवढं तर रस्त्यावरचा पोपटवालाही सांगतो, तेही सुटाशिवाय.

शेवटी मी उठून विचारलं, "सर, तुमचे स्वतःचे पैसे कशात आहेत?"

ते हसले. "मॅडम, माझे सगळे शहराबाहेर आनेकलच्या प्लॉटमध्ये अडकलेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच त्याच माणसाचा सल्ला घ्यायला रांग लावली. रांगेत बाबाही!

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. रिक्षात म्हणाले, "अगं, पण बोलला किती आत्मविश्वासाने!"

पैसे अजून बँकेत आहेत, पण बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत. दुसऱ्याने तपासलेलं यंत्र जन्मभर स्वतः पुन्हा तपासणारा माणूस अशा थापांना कसा भुलतो, सांगा बरं?